डीबीचं काम कोणाला द्यावं? घरच्या वीजपेटीसाठी योग्य इलेक्ट्रिशियन कसा शोधाल

पंखा लावणारा, बटण बदलणारा माणूस प्रत्येक गल्लीत मिळतो. डीबीचं, म्हणजे एमसीबींच्या (करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पेटीचं काम मात्र सरसकट त्याच्याकडे देऊ नका. घरातली सगळी वीज या पेटीतून जाते. थ्री-फेज कनेक्शन असेल आणि न्यूट्रलचा (परतीच्या वायरचा) एक स्क्रू सैल राहिला, तर 230 व्होल्टच्या फ्रिज-टीव्हीवर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो.

फोन करण्याआधी दोष नीट बघून ठेवा. एमसीबी वर करताच पडत असेल तर बहुधा शॉर्ट आहे. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा जोड सैल होऊन तापतोय. एमसीबी जागेवर आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. गिझरची कॉइल आणि ओल आलेली भिंत हे नेहमीचे संशयित. त्या लाइनवरची सगळी उपकरणं प्लगमधून काढून पुन्हा बघा. तरीही पडत असेल तर दोष बहुधा वायरिंगमध्ये किंवा डीबीत आहे. एवढं सांगून डीबीचा फोटो पाठवलात की जाणकार माणूस लगेच नेमके प्रश्न विचारतो. झाकण स्वतः उघडू नका. मेन स्विच खाली केला तरी मीटरकडून आलेल्या त्याच्या टोकाला करंट असतोच. जळका वास येत असेल किंवा झाकण तापलं असेल, तर मेन बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच ठेवा.

आता माणूस. महाराष्ट्रात राज्याचं अनुज्ञापक मंडळ वायरमनचा परवाना, सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचं लायसन्स देतं. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे शिक्षण, परवाना वेगळा. नवीन कनेक्शनसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट लायसन्सधारक ठेकेदारच देतो, म्हणून तुमच्या भागातल्या उपविभाग कार्यालयात अशा ठेकेदारांची नावं विचारणं हा सगळ्यात सरळ मार्ग.

खरी गोम पुढे आहे. लायसन्स दुकानातल्या भिंतीवर फ्रेममध्ये असतं आणि पेटी उघडायला येतो परवाना नसलेला मदतनीस. म्हणून फोनवरच विचारा: डीबी कोण उघडणार, त्याचा स्वतःचा परवाना आहे का, मुदत कधीपर्यंत आहे? आल्यावर परवान्यावरचा फोटो आणि माणूस जुळवून बघा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. खरा परवानाधारक तो खिशातून काढून दाखवतो.

पिशवीत काय आहे तेही बघा. नुसता टेस्टर स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही. त्यातला दिवा फेज आहे एवढंच सांगतो, तुटलेला न्यूट्रल त्याला कळत नाही. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) आणि मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारा) हवाच. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ या दोन्हींत 230 च्या आसपास व्होल्टेज यावं. न्यूट्रल-अर्थमध्ये साधारण दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर न्यूट्रल किंवा आर्थिंग तपासायला हवं. मेगरने 500 व्होल्टवर घेतलेलं वायरचं इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या वर असावं. ही चाचणी करताना उपकरणं काढलेली हवीत, नाहीतर रीडिंग फसवं येतं किंवा उपकरणच बिघडतं.

माणूस ओळखायचा सगळ्यात चांगला प्रश्न एकच: “16 अँपिअरची एमसीबी सारखी पडते, 32 ची टाकू का?” “टाका, पडणार नाही” असं उत्तर आलं की त्याला पेटीला हात लावू देऊ नका. एमसीबी उपकरणासाठी नसते, वायर वाचवण्यासाठी असते. 32 ची एमसीबी 36 अँपिअरला तासभरही पडत नाही. तेवढ्या वेळात पाइपातली अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर तापून तिचं प्लास्टिक मऊ होतं, आणि आग भिंतीच्या आत लागते. ढोबळ हिशेब असा: दीडच्या वायरला 6 किंवा 10, अडीचला 16, चारला 20 ते 25. दोन किलोवॅटचा गिझर जेमतेम 9 अँपिअर घेतो, म्हणजे त्याला 16 भरपूर झाली. तरीही पडत असेल तर कारण शोधायला हवं.

पैसे ठरवताना कंपनी, अँपिअर आणि कर्व्ह (सुरू होतानाचा किती मोठा करंट एमसीबी न पडता सोसते ते) लिहून घ्या: दिव्यांना ‘बी’, एसी-मोटरला ‘सी’. मालावर आयएसआय चिन्ह असावं. त्याखालचा लायसन्स क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. जुन्या पेटीत आरसीसीबी नसेल तर 30 मिलिअँपिअरची आत्ताच बसवा. ती शॉर्ट किंवा लोडपासून वाचवत नाही, माणसाला बसणारा झटका जीवघेणा होण्याआधी तोडते. म्हणून एमसीबींच्या जोडीला हवी. ती बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे एखाद्या लाइनचा न्यूट्रल तिच्यातून न जाता बाहेरच्या लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) राहणं. मग लोड लावला की ती पडते, आणि “आरसीसीबी खराब आहे” म्हणून काढून टाकली जाते.

मीटरचं सील इलेक्ट्रिशियनने तोडायचं नाही. दोष मीटरमध्ये किंवा बाहेरून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये असेल तर 1912 वर तक्रार करा. मुंबईत तुमच्या बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडे.

काम झाल्यावर झाकण लावण्याआधी आत डोकावा, हात न लावता. वायरचे तुटके केस टर्मिनलबाहेर नकोत, तोंडाला थिंबल (धातूची टोपी) दाबलेला हवा, फेजला लाल-पिवळा-निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. प्रत्येक एमसीबीखाली खोलीचं नाव लिहून घ्या. मग गिझर आणि एसी अर्धा तास एकत्र चालवा आणि क्लॅम्प मीटरचं रीडिंग बघा. त्यानंतर एखादी एमसीबी शेजारणीपेक्षा जास्त गरम लागली तर तिथला स्क्रू पुन्हा आवळायला सांगा. शेवटी आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबा, ती लगेच पडली पाहिजे. हे बटण आर्थिंग तपासत नाही, त्यासाठी वरची व्होल्टेजची मोजणी वेगळी करून घ्या. बदललेले भाग आणि लायसन्स क्रमांक टाकलेलं बिल हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या.