मोबाईलमध्ये बुद्धिबळाचा डाव उतरवताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी सांगतो. बुद्धिबळाच्या रेटेड (म्हणजे रेटिंगला धरल्या जाणाऱ्या) स्पर्धेत बोर्डावर बसल्यावर खिशातला मोबाईल काढून त्यात मूव्ह भरायच्या नाहीत. म्हणजे नाहीच. मी फक्त नोटेशन करतोय (मूव्ह लिहून ठेवतोय) सर, इंजिन (मूव्ह सुचवणारं सॉफ्टवेअर) बंद आहे, असलं काही आर्बिटरला, म्हणजे पंचाला, सांगून उपयोग नाही, फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात परवानगीशिवाय जवळ मोबाईल सापडला तरी डाव जातो, तो चालू होता की बंद हे नंतरचं. इलेक्ट्रॉनिक स्कोअरशीट, म्हणजे मूव्ह नोंदवायचं यंत्र, नावाचा प्रकार आहे, नाही असं नाही. २०२३ पासून लागू असलेल्या नियमात कागदाच्या बरोबरीने फिडेने प्रमाणित केलेल्या यंत्राचाही उल्लेख आहे, पण ते त्या स्पर्धेसाठी ठरवून दिलेलं असायला लागतं. कॅनडातल्या मॉनरॉय कंपनीचं हातात मावणारं यंत्र याच कामाचं होतं, त्यावर मूव्ह भरण्यापलीकडे काही करता येत नव्हतं म्हणून तर त्याला मान्यता होती. आपल्याकडच्या ओपन स्पर्धांमध्ये मात्र अजून कागद, पेन आणि खाली कार्बन कॉपी, आणि मोबाईल बाहेर बॅगेत.

समजा असं यंत्र मिळालंच, तर पहिली गडबड सवयीने होते. जुने कोच शिकवायचे की आधी मूव्ह लिही, मग एकदा बोर्ड बघ, मग खेळ. कागदावरही हे आता चालत नाही, आधी खेळायचं मग लिहायचं. अपवाद ड्रॉ (बरोबरी) क्लेम करतानाचा, म्हणजे या मूव्हने तीच पोझिशन तिसऱ्यांदा येतेय किंवा पन्नास मूव्हचा नियम (पन्नास मूव्हमध्ये ना काही मारलं ना प्यादं हललं) लागतोय असं वाटलं तर मूव्ह न खेळता फक्त लिहायची आणि आर्बिटरला बोलवायचं. यंत्रावर ही सवय आणखी वाईट, कारण स्क्रीनवर छोटा बोर्ड असतो, मूव्ह भरली की ती पोझिशन डोळ्यासमोर येते, आवडली नाही की पुसली, दुसरी भरली. हे सरळ सरळ सोंगट्या हलवून विचार करणं झालं, समोरच्याने तक्रार केली तर तुमची बाजू घ्यायला कोणी येणार नाही. आणि यंत्र आर्बिटरला दिसेल असं टेबलावरच ठेवायचं, मांडीवर नाही.

बाकी आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न वेगळाच असतो. डाव कागदावर लिहिलेला आणि रात्री घरी येऊन तो लिचेस (बुद्धिबळाची वेबसाइट) किंवा चेसबेस (डाव साठवायचं सॉफ्टवेअर) यात भरायचाय. खरी मजा इथे सुरू होते. भरत भरत तेविसाव्या मूव्हला येता, कागदावर लिहिलंय हत्तीने डी५ वर मारलं (घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर, ए ते एच, आणि आडव्या रांगेचा आकडा), आणि अ‍ॅप म्हणतं असा हत्तीच नाही. मग आपण तेविसाव्या मूव्हकडे डोळे फाडून बघत बसतो, अक्षर डी आहे की ए, आकडा पाच की तीन. मी यात अक्षरशः तासभर घालवलाय. चूक तिथे नव्हतीच. सोळाव्या मूव्हला मी नुसतं हत्ती डी१ लिहिलं होतं, आणि तेव्हा हत्ती ए१ वर पण होता आणि एफ१ वर पण. खेळलो होतो ए वाला, भरताना बोट पडलं एफ वाल्यावर. पुढे अठराव्याला हत्ती ई१ आला, तोही अ‍ॅपने गुपचूप घेतला, कारण चुकीच्या पोझिशनमध्येसुद्धा डी१ वरून ई१ ला जाता येतंच की. अ‍ॅपला तुमचा डाव माहीत नाही, मूव्ह कायदेशीर आहे एवढंच त्याला कळतं. म्हणून अ‍ॅप जिथे अडलं तिथे न शोधता मागे जायचं आणि जिथे दोन हत्ती किंवा दोन घोडे एकाच घरात जाऊ शकत होते ती जागा आधी तपासायची. दहातल्या आठ वेळा तिथेच सापडतं (हा आकडा माझ्या वहीचा, कुठल्या अभ्यासाचा नाही).

तिथे नाही सापडलं तर बहुतेक एक मूव्ह लिहायची राहिलीय. याचं लक्षण म्हणजे एका जागेपासून पुढचं सगळंच चुकायला लागतं, पांढऱ्याच्या मूव्ह काळ्याच्या रकान्यात सरकलेल्या दिसतात. मुलं टाइम कमी झाला की लिहिणं सोडतात त्याचाच हा परिणाम. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली तर लिहायची सक्ती नाही हे खरं, पण दर मूव्हला ३० सेकंद मिळत असतील तर ही सूट नाहीये, म्हणजे ९० मिनिटं अधिक ३० सेकंद वाल्या स्पर्धेत शेवटपर्यंत लिहायचंच. यावर माझा उपाय असा की डाव संपला, सह्या झाल्या, की सोंगट्या लावण्याआधी शेवटची पोझिशन माझ्या कार्बन कॉपीच्या मागे उतरवून घ्यायची. घरी ती बोर्ड एडिटरमध्ये मांडली की उलटं मागे येता येतं. आणि भरायचं त्याच रात्री, कार्बन कॉपी पुसट असते आणि डोक्यातला डाव त्याहून लवकर पुसट होतो.

फोटो काढून आपोआप डाव वाचणारी अ‍ॅप्स आहेत, वापरा, पण अक्षराचं भान ठेवा. इंग्रजी लहान बी आणि इंग्रजी सहाचा आकडा, लहान ए आणि डी, सातला आडवी रेघ नसली तर एक. सगळ्यात फसवं म्हणजे मोठा बी म्हणजे उंट आणि लहान बी म्हणजे बी या उभ्या रांगेतलं प्यादं, सी३ वर दोघंही मारू शकत असतील तर तुमच्या हस्ताक्षरावर सगळा डाव. आमच्या क्लबात एक काका आहेत ते अजून व, ह, उं, घो असंच लिहितात. नियमाने चालतं बरं का, आपल्या भाषेतली अक्षरं वापरायला फिडेची परवानगी आहे, पण असा कागद अ‍ॅपला दाखवून उपयोग नाही, हाताने भरायला लागतो.

अजून एक बारीक गोष्ट. पीजीएन फाईल (डाव मजकूर म्हणून साठवायची फाईल) हाताने टाइप करणारे कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच मूव्हमध्ये हलवण्याला) शून्य डॅश शून्य लिहितात, फिडेच्या पद्धतीत तसंच आहे, पण पीजीएनमध्ये ते इंग्रजी मोठं ओ अक्षर लागतं. काही सॉफ्टवेअर चालवून घेतात, काही तिथेच फाईल तोडतात आणि तुम्हाला वाटतं डाव आठ मूव्हचाच होता. निकालही भरा, नाहीतर फाईलमध्ये नुसता तारा राहतो, म्हणजे डाव अजून संपलाच नाही. आणि कागदावर मूव्हशेजारी घड्याळाचे टाइम लिहिले असतील तर कॉमेंटमध्ये टाका, तुम्ही नक्की कुठे पंचवीस मिनिटं बसून होतात ते नंतर त्यातूनच कळतं.

आता कधी वरच्या बोर्डांवर खेळायची वेळ आली तर तिथे डीजीटी कंपनीचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात, सोंगटीच्या बुडात चिप, मूव्ह आपोआप लाइव्ह जाते. म्हणून कागदावर लिहिणं सुटतं असं मुळीच नाही, ते करायचंच. सोंगटी घराच्या मधोमध ठेवा, दोन घरांच्या रेघेवर राहिली तर बोर्ड गोंधळतो. प्रमोशनला (प्यादं शेवटच्या रांगेत पोचल्यावर) वजीर हवा तर त्याच सेटमधला घ्या, शेजारच्या साध्या सेटमधला बोर्डाला दिसतच नाही. डाव संपल्यावर त्याच बोर्डावर अ‍ॅनालिसिस सुरू करू नका, त्या मूव्हही डावाला चिकटतात. त्याऐवजी बोर्डाला निकाल कळावा म्हणून राजे मधल्या घरांत ठेवायचे: दोन्ही पांढऱ्या घरांत, म्हणजे ई४ आणि डी५, तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्या घरांत तर काळा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या घरात तर ड्रॉ. नंतर डाउनलोड केलेल्या डावात जी१ वरचा राजा शेवटी एकदम ई४ वर उडी मारून बसलेला दिसला तर ती मूव्ह नाही, तो निकाल आहे, डिलीट करून टाका.