कॅनडाच्या पीआरचा खर्च: खान्देशातल्या घरांत हमखास होणाऱ्या चुका

भाच्याची कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, एक्सप्रेस एन्ट्रीची (तिथल्या सरकारच्या ऑनलाइन पद्धतीची) फाईल सुरू झाली तेव्हा आमच्या भाऊंचा पहिला प्रश्न होता, "बारा एकर जमीन शे ना आपली, मंग बँकमा पैसा कसाले?" घरोघरी पहिला घोळ इथेच होतो.

सात-बारा चालत नाही

फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे एक्सप्रेस एन्ट्रीतल्या कुशल कामगारांच्या गटातून जाणाऱ्याला तिथे उतरल्यावर घर चालेल एवढा पैसा दाखवावा लागतो. जुलै २०२५ च्या दरांनी एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, चौघांना २८,३६२. डॉलर ६५ रुपयांना धरला तर चौघांचे १८ लाखांच्या वर. आकडा दरवर्षी बदलतो. हा खर्च नव्हे, पैसा तुमचाच राहतो. पण तो खात्यात असायला हवा. शेत, प्लॉट, लॉकरमधलं सोनं धरत नाहीत. उसनवारीचाही चालत नाही. बायको-मुलं मागाहून येणार असली तरी ती मोजायची. "आधी मी एकटाच जातो" म्हणत एकट्याचा आकडा धरणारे इथे फसतात.

खरी गोम सहा महिन्यांच्या सरासरीत आहे. बँकेच्या पत्रात आजची शिल्लक, खातं कधी उघडलं ती तारीख, अंगावरची कर्जं आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, एवढं सगळं लागतं. आपल्याकडे कपाशीचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो आणि मृगाच्या तोंडावर बी-खतात जातो. जानेवारीतलं पासबुक बघून खूश झालेला माणूस जूनमध्ये पत्र मागायला गेला, की सरासरी बघून तोंड पडतं. मुलाच्या नावावर पीककर्ज असेल तर तेही त्या पत्रात येणार. म्हणून पीआरचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, आणि शेतीसाठी त्याला हात लावायचा नाही हे घरात आधीच ठरवा. आमच्याकडे याच्यावरून दोन दिवस अबोला होता, पण ठरलं.

सोनं मोडलं असेल तर सराफाची पक्की पावती जपून ठेवा. वडिलांनी पैसे दिले तर बक्षीसपत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट आणि कापूस विकल्याची पट्टी जोडा. पतसंस्थेतली ठेव ऐनवेळी निघेल या भरवशावर राहू नका. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या जळगावकरांना याच्यावर मी काय सांगणार!

कागदांची मुदत आधी बघा

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, डिग्रीचं मूल्यांकन पाच वर्षं. परीक्षा घाईत देऊन ठेवायची आणि पुढची कागदपत्रं रेंगाळू द्यायची, मग मुदत संपली की पुन्हा सतरा-अठरा हजार. त्यातही काही जण चुकून अकॅडमिक देऊन बसतात. इथे जनरल ट्रेनिंग लागते. मेडिकलचा नियमही बदलला आहे: २१ ऑगस्ट २०२५ पासून ती अर्जाआधीच करून घ्यावी लागते. अर्जाचं निमंत्रण आलं की तो भरायला हातात ६० दिवस असतात, तेव्हा मेडिकलचा पैसा आधीच बाजूला हवा. बायोमेट्रिक्ससाठी (बोटांचे ठसे आणि फोटो) मुंबई, पुणे नाहीतर अहमदाबाद गाठावं लागतं. चौघांचं जाणं-येणं आणि एक रात्र राहणं बहुतेकांच्या वहीत नसतंच.

फी भरताना

३० एप्रिल २०२४ चे दर असे होते: मोठ्या माणसामागे ९५० डॉलर प्रोसेसिंग, ५७५ कायम निवासाच्या हक्काचे, मुलामागे २६०, बायोमेट्रिक्स माणशी ८५, कुटुंबाचे जास्तीत जास्त १७०. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ३,७४० डॉलर, म्हणजे अडीच लाखांच्या जवळपास. दर दोन वर्षांनी ही फी वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा सरकारी साईटवरूनच घ्या. अर्ज नाकारला तर ५७५ परत मिळतात, प्रोसेसिंगचे जातात.

पेमेंट अडकलं तर आधी कार्ड तपासा. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतो. तो ॲपमधून चालू करावा लागतो, शिवाय मर्यादाही वाढवावी लागते. बँक डॉलरच्या भावावर आपलं मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते, ते वेगळं.

टीसीएस कुणी धरतच नाही

निघताना मोठी रक्कम एकदम पाठवली तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. साडेअठरा लाख एकाच्या नावाने पाठवले तर एक लाख सत्तर हजार अडकले. रिटर्न भरल्यावर ते हिशेबात येतात, पण नेमक्या गरजेच्या वेळी हातात नसतात. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे. नवरा-बायकोने आपापल्या खात्यातून पाठवलं, किंवा थोडं मार्चमध्ये आणि थोडं एप्रिलमध्ये, तर बहुतेक वेळा कापलंच जात नाही.

एजंटचं थोडक्यात. एक्सप्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल उघडायला सरकार एक रुपयाही घेत नाही. त्याचेच पैसे मागणारा भेटला तर त्याचा आरसीआयसी (इमिग्रेशन सल्लागाराचा) परवाना क्रमांक मागा आणि हे परवाने देणाऱ्या कॅनडाच्या कॉलेज नावाच्या संस्थेच्या ऑनलाइन यादीत तो स्वतः शोधा. नाव सापडेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.