मॉडिफाय केलेली गाडी एक्स्चेंजला देताय? या चुका टाळा

गाडी बघायला आलेल्या मुलाने बॉनेट उघडलंच नाही. आधी तो ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च डॅशबोर्डखाली धरला आणि हात घालून वायरींचा एक गुंता बाहेर ओढला. काळ्या टेपने गुंडाळलेला, उन्हाने टेपचा डिंक सुटलेला.

"सर, स्टिरिओ कंपनीच्या प्लगवर, म्हणजे कपलरवर, नाही बसवलेला. वायरी कापल्यात."

"दादा, सहा वर्षं चालतोय. एकदाही त्रास नाही."

"तुम्हाला नसेल. पण मी ज्याला ही गाडी पुढे देणार, तो पहिल्यांदा इथेच हात घालणार."

त्याने कागदावर एक ओळ लिहिली आणि माझ्या 2016 च्या डिझेल स्विफ्टचा भाव तिथेच खाली आला. शोरूम हायवेलगतचं होतं, मोठं होतं आणि मुलगा चुकीचं काहीच बोलत नव्हता. तेव्हा राग आला होता, पण आज मला त्याचं म्हणणं पटतं. शोरूमवाला तुमची आवड तोलत नाही. तो दोनच हिशोब करतो. गाडी कंपनीतून आली तशी करायला किती खर्च येईल, आणि आरसीवर जे लिहिलंय तीच गाडी समोर उभी आहे का. हे दोन्ही हिशोब तुम्ही आधीच घरी निकालात काढले, तर त्याला कापायला फारसं काही उरत नाही.

लावलेलं सगळं तसंच ठेवून गाडी नेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. "अलॉय चाकंच अडतीस हजारांची आहेत" हे वाक्य शोरूममध्ये मीही बोललोय आणि त्याचा उपयोग शून्य झाला. कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या शाखा, म्हणजे मारुतीची ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईची एच प्रॉमिस वगैरे, गाडी तपासून वॉरंटीसह विकतात. त्यांना मूळ स्थितीतली गाडी हवी असते. तशी नसेल तर शोरूम ती ब्रोकरला देतं, आणि ब्रोकरचा नफा तुमच्याच भावातून निघतो. अलॉय, एक्झॉस्ट, सबवूफर यांची किंमत फक्त त्यांची हौस असलेला माणूस देतो. म्हणून ते काढा, वेगळे विका आणि मूळ पार्ट परत लावा.

मूळ पार्ट ठेवलेच नसतील तर? पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात, एक चक्कर मारा. नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात अलॉय लावणारे बरेच असतात, त्यांच्या उतरवलेल्या स्टील रिमचा सेट तिथे बहुधा मिळून जातो. फक्त साइज घरून लिहून न्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ती असते. माझ्या स्विफ्टची (व्हीडीआय मॉडेल) मूळ टायर साइज 165/80 आर 14. मी लावले होते 195/55 आर 16. आकडे फार वेगळे दिसतात, पण चाकाचा एकूण व्यास दोन्हींचा साधारण 620 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर बरोबर राहिला होता. माझ्या एका मित्राने रुबाबासाठी 205/60 आर 16 घातले. त्याचा व्यास 650 च्या वर जातो, म्हणजे काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 105 ने पळत असते. शिवाय पुढचं चाक पूर्ण वळवलं की मडगार्डच्या लायनरला घासतं. चाक वळवून आतला चरा बघायला तपासणाऱ्याला पाच सेकंद पुरतात.

काय काढायचं नाही तेही सांगतो. नीट बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, चांगले मॅट, कपलरवर बसलेला स्टिरिओ राहू द्या. काढताना ट्रिमच्या क्लिपा तुटल्या तर नुकसानच व्हायचं. स्प्रिंग कापून गाडी खाली केली असेल तर मात्र स्प्रिंग बदलाच. छत कापून बाहेरून बसवलेल्या सनरूफला उपाय नाही. छताची पत्रा-चौकट एकदा कापली की ती जोडून देता येत नाही, आणि शोरूममध्ये हे लपतही नाही.

रॅप अंगावर ठेवून भाव मागणं

रॅप म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म. तिच्याखालचा रंग दिसत नाही, म्हणून बघणारा वाईटात वाईट धरूनच चालतो: खाली पोचे असतील, पुट्टी असेल. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला त्याहून बराच जास्त. रॅपवरून हे मोजमाप नीट होत नाही.

रॅप काढायचा तर गरम हवेने, सावकाश आणि बसवणाऱ्याकडूनच. ज्या पॅनलला आधी बाहेर रंग मारलाय तिथे रॅपबरोबर रंगाचा पापुद्रा निघू शकतो. तो पॅनल कुठला हे त्याला आधी सांगा. आणि आरसीवर रंग पांढरा असताना गाडी मॅट काळी असेल, तर हा मामला भावापुरता राहत नाही, कागदाचा होतो.

आरसीशी गाडी जुळते का, हे न बघणं

इथे माझी कळकळीची विनंती आहे, कारण यात माणसं महिनोन्महिने अडकतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने मुळात दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीट कव्हर आणि स्टिरिओ यात येत नाहीत. रंग, इंधन, इंजिन, बॉडी येतात.

पुण्यात सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या सीएनजीवर. किट बाहेरून बसवलं, पंपावर गॅस भरला, दोन वर्षं मजेत गेली आणि आरसीवर इंधन अजून नुसतं 'पेट्रोल'. अशी गाडी नावावर करून घ्यायला शोरूम तयार होत नाही. किटला त्या त्या इंजिनासाठी मान्यता लागते. ती देणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या वेताळ टेकडीवरची वाहन तपासणी संस्था एआरएआय, पण तिचं नाव छापलेला डबा म्हणजे तुमच्या गाडीवरची नोंद नव्हे. नोंद आरटीओत होते. त्यासाठी अधिकृत फिटरचं प्रमाणपत्र आणि विम्यात किटची नोंद लागते. किट जिथे बसवलं तिथून प्रमाणपत्र आजच मागवा. दुकान बंद झालं असेल किंवा ते कागद देत नसतील, तर किट आणि टाकी उतरवून गाडी पुन्हा शुद्ध पेट्रोलची करणं सोपं पडतं. नोंद असेल तर टाकीच्या चाचणीची तारीख बघा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते आणि संपलेली असेल तर तेवढे पैसे भावातून वळते होतात.

थारवाल्यांसाठी दोन शब्द. ताम्हिणी-मुळशीला जाणाऱ्या गाड्यांवर लोखंडी बंपर, बुल बार (बंपरपुढचे लोखंडी गार्ड) असतात. बुल बारवर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने बंदीचे आदेश काढलेत. काढून ठेवा. कॅनव्हासच्या जागी हार्ड टॉप बसवला असेल तर आरसीवर बॉडी काय लिहिली आहे ते एकदा वाचा. आणि असं सगळं सजवलेली गाडी दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला देण्याआधी तुमच्याच ऑफ-रोडच्या मंडळींना विचारा. अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचची किंमत त्यांनाच कळते.

काळ्या फिल्मचं थोडक्यात: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड यायला हवा. त्याहून गडद असेल तर सोलून टाका. संध्याकाळभराचं काम आहे.

रिमॅप आणि दिवे लपवणं

इंजिनाचा दिवा पेटतोय म्हणून तपासणीच्या सकाळी बॅटरीची वायर काढून परत लावणारे मी पाहिलेत. दिवा जातो खरा, पण त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते. स्कॅनर लावला की त्या 'अपूर्ण' दिसतात, आणि अनुभवी मुलगा लगेच विचारतो, "बॅटरी कधी काढली होती?" तिथून पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही.

रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, केलं असेल तर ते करणाऱ्या ट्यूनरकडे तुमची मूळ फाइल असते. ती परत टाकून घ्या, आठवडाभर गाडी चालवा, मग न्या. आणि विचारलं तर खरं सांगा. मी सांगितलं. त्याने क्लच कसा पकडतो हे एका चढावर बघितलं आणि विषय संपला. एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काढलेला असेल तर नुसत्या फाइलने भागत नाही, वस्तूच परत बसवावी लागते. बीएस-6 गाडीत ही वस्तू महाग आहे, म्हणून जुनी फेकली नसेल तर देवाचे आभार माना.

जास्त वॅटचे बल्ब घातले असतील तर हेडलाइटचा होल्डर काढून बघा. प्लास्टिक पिवळं, वितळलेलं असेल तर होल्डर बदला. किरकोळ खर्च आहे, पण वितळलेलं प्लास्टिक पाहून संपूर्ण वायरिंगवर शंका घेतली जाते.

जुनीचा भाव आणि बोनस एकत्र ऐकणं

"सर, तुमच्या गाडीचे तीन साठ धरू" असं म्हणतात तेव्हा त्यात एक्स्चेंज बोनस मिसळलेला आहे का, ते विचारा. नव्या गाडीची एक्स्चेंजशिवायची किंमत आधी लेखी घ्या. जुनीचा भाव वेगळा, बोनस वेगळा. बोनस बहुतेक ठिकाणी जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद आल्यावरच मंजूर होतो. म्हणजे वरचा सीएनजीचा घोळ तुमचा बोनसही अडकवतो.

दुसरं म्हणजे, कोटेशनवर गाडी ज्या स्थितीत बघितली ती लिहून घ्या: "स्टील रिम, मूळ एक्झॉस्ट, कपलरवरचा स्टिरिओ". अलॉयसकट दाखवली आणि डिलिव्हरीला स्टीलवर नेली, तर तेवढ्या निमित्ताने भाव पाडला जातो. तेव्हा नव्या गाडीला हार घातलेला असतो, आई औक्षणाचं ताट घेऊन उभी असते आणि कुणालाच भांडायचं नसतं.

गाडी सोडताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पोच घ्या. एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी ने आरटीओला देता येते. तो भरला गेलाय ना हे बघा, नाहीतर पुढची चलनं तुमच्याच मोबाइलवर येत राहतील. नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, तो नव्या गाडीला लागतो. बँकेचं कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बोजा दिसत असेल, तर एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवा. फास्टॅग बंद करा.

आणि बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ गाडीत राहणार असेल, तर त्यातून तुमचं गूगल खातं काढून तो रीसेट करा. माझ्या स्टिरिओत तिन्ही मावश्यांचे नंबर, मुलीच्या शाळेचा रस्ता आणि 'घर' म्हणून जतन केलेला आमच्या सोसायटीच्या गेटचा पत्ता होता. किल्ली देऊन मी शोरूमच्या दाराबाहेर पडलो, आणि ते आठवल्यावर पुन्हा आत गेलो.