क्रेफिश पाळायचा तर कात टाकण्याची तयारी आधी

घरच्या टाकीतला क्रेफिश, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला नांग्यांचा जीव, दगावतो तो बहुतेक वेळा कात टाकताना (जुनं कवच सोडताना), नाहीतर त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. एरवी प्राणी चिवट. म्हणून टाकी, पाणी, खाणं, सोबत या सगळ्याचा विचार एकाच प्रश्नापासून करावा: कवच मऊ असताना याचं कसं होणार?

आपल्याकडे दुकानात हे ‘लॉबस्टर’ म्हणून विकले जातात. ते नाव ऐकून पाण्यात मीठ घालू नका, हा गोड्या पाण्यातला जीव आहे. निळा बहुधा फ्लोरिडाचा प्रोकॅम्बेरस अलेनी असतो आणि लाल हा लुइझियानाकडचा प्रोकॅम्बेरस क्लार्की. ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ या दोघांपेक्षा बराच मोठा होतो. तपकिरी अंगावर संगमरवरी नक्षी असलेला मार्बल्ड क्रेफिश मात्र घेऊच नका. त्याच्यात नर नसतातच. एकटी मादी नराविना अंडी घालते आणि बघता बघता टाकी पिलांनी भरते.

एका प्रौढ क्रेफिशला 2 फूट लांब, 1 फूट रुंद तळाची, साधारण 50 लिटरची टाकी पुरते. उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. दगड आधी थेट काचेवर टेकवा आणि मग दीड-दोन इंच वाळू पसरा. उलटं केलंत तर तो खालची वाळू उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो. लपायला 2 इंची पीव्हीसी पाइपचे सहा-सात इंचांचे दोन तुकडे टाका, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून. दिसायला यथातथाच, पण याहून चांगलं बीळ विकत मिळत नाही.

झाकण घट्ट हवं. एअर पंपाची नळी आणि हीटरची वायर या त्याच्या शिड्या, त्यामुळे त्या जिथून बाहेर येतात तिथली फट स्पंजने बुजवा. निसटलेला क्रेफिश कल्ले ओले असेपर्यंत तग धरतो. कपाटाखाली सापडलाच तर टाकीतलंच पाणी उथळ टबमध्ये घेऊन त्यात थोडा वेळ ठेवा आणि मग परत सोडा.

स्पंज फिल्टर सर्वांत सोयीचा. मात्र टाकी चार ते सहा आठवडे आधी चालू करा. अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं चाचणीत दोन्ही शून्य आल्याशिवाय क्रेफिश आणायचा नाही. आणल्यावर पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर घालवा.

पीएच 7 ते 8, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) 6 ते 12 आणि केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) 4 च्या वर, एवढं सांभाळा. खरी मेख इथे आहे. तलावावरून येणारं नळाचं पाणी पुष्कळ ठिकाणी, विशेषतः मुंबईत, मऊ असतं आणि आरओच्या पाण्यात तर क्षार जवळपास नसतातच. अशा पाण्यात नवं कवच टणक व्हायला वेळ लागतो. उपाय स्वस्त आहे. काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पक्ष्यांच्या खाद्याकडे समुद्रफेन मिळतो, त्याचा दोन इंचाचा तुकडा टाकीत ठेवा. तो तरंगतो, म्हणून नायलॉनच्या दोऱ्याने दगडाला बांधा. शिवाय मूठभर पोवळ्याचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नका.

तांबं या प्राण्याला विषासारखं. माशांच्या बऱ्याच औषधांत कॉपर सल्फेट असतं, ते या टाकीत कधीच नको. तांब्या-पितळेच्या हंड्यात साठवलेलं पाणीही नको.

पाणी 20 ते 26 अंशांत ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात काचेच्या झाकणाऐवजी स्टीलची बारीक जाळी लावून वरून छोटा पंखा सोडा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

खायला मुख्यतः पाला. देशी बदामाची झडलेली, पूर्ण वाळलेली, फवारणी न झालेली पानं धुऊन टाकीत कायम एक-दोन असू द्या. एक दिवसाआड संध्याकाळी बुडणाऱ्या गोळ्या, वाफवलेली दुधीची चकती किंवा सोललेला वाटाणा द्या. सकाळी उरलंसुरलं काढा. आठवड्यातून एकदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा चालतो, पण नीट उकळून. कच्च्या कोळंबीतून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू येऊ शकतो आणि क्रेफिशलाही तो मारतो.

कात जवळ आली की तो खाणं सोडतो, रंग मळतो, बिळातून हलत नाही. या काळात पाणी बदलू नका, टाकी हलवू नका. एके सकाळी वाळूवर दुसरा क्रेफिश मरून पडल्यासारखा दिसेल. नीट पाहा: डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या, नांग्या आतून पोकळ, पाठ आणि शेपटी यांच्यामध्ये फट आणि कुजका वास नाही. ही कात. ती उचलू नका, तो स्वतःच ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. तीन-चार दिवस बाहेर आला नाही तरी उचकू नका. कातीत अडकलेला दिसला तर ओढून मदत करायला जाऊ नये, कल्ले फाटतात. नांगी तुटली तर पुढच्या काही कातींत नवी येते, आधी अगदी लहान.

सोबत? एकटाच ठेवा. दुसरा क्रेफिश असला की कात टाकलेल्याला तो खातो. तळाशी राहणारे मासे आणि सुस्त गोल्डफिश रात्री पकडीत येतात, आणि चपळ मासे उलट मऊ क्रेफिशलाच टोचतात. पाणवनस्पतींचा तर तो फडशाच पाडतो.

नको झाला तर दुकानदाराला परत द्या. तलावात, विहिरीत, ओढ्यात सोडू नका. भारतात मूळचा एकही क्रेफिश नाही. क्लार्की जिथे पसरला तिथे भातखाचरांचे बांध पोखरतो आणि स्थानिक जलचरांना संपवतो. टाकीत पिलं असतील तर बदललेलं पाणी कपड्यातून गाळून कुंड्यांतल्या झाडांना घाला, नाल्यात ओतू नका.