डार्ट बेडकाचे बेडूकमासे वाढवताय? या चुका टाळा

सकाळी कपातलं पाणी दुधी दिसतंय, तळाशी हिरवट चिकट थर बसलाय आणि बेडूकमासा सारखा वर येऊन तोंड उघडतोय. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं: काल टाकलेलं जास्तीचं खाणं. हे बेडूकमासे उपासमारीने क्वचितच दगावतात. जास्तीच्या लाडाने मात्र पुष्कळ जातात.

आधी एक खुलासा. डार्ट बेडूक म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, हौसेने पाळले जाणारे छोटे रंगीत बेडूक. खालचे आकडे त्यांतल्या डेंड्रोबेट्स गटातल्या तीन जातींचे आहेत: सुरीनाम-फ्रेंच गयानाकडचा टिंक्टोरियस, व्हेनेझुएलाकडचा पिवळा-काळा ल्युकोमेलास आणि पनामा-कोस्टा रिकाचा हिरवा-काळा ऑराटस. नवशिक्यांकडे बहुधा हेच असतात. ऊफागा गटातल्या, म्हणजे स्ट्रॉबेरी डार्टसारख्या जातींची गोष्ट वेगळी आहे. त्यांची आई प्रत्येक पिल्लाला स्वतःची न फळलेली अंडी खाऊ घालते. ती पिल्लं काढून पावडरीवर वाढवायच्या फंदात पडू नका, आईबापांवरच सोडा.

अंडी उचलायची घाई

मादी नारळाच्या करवंटीखाली ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये (उथळ पारदर्शक बशीत) साधारण 2 ते 8 अंडी घालते. दिसली की लगेच डिश उचलायचा मोह होतो, पण नराला एक-दोन दिवस द्या. तो अंडी ओली करून फळवतो. मग डिश झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी ओला टिश्यू आणि डिशमध्ये अंड्यांच्या जेलीला जेमतेम टेकेल एवढं पाणी पुरतं. अंडी पूर्ण बुडवली तर गर्भाला ऑक्सिजन कमी पडतो, कोरडी पडली तर जेली आकसते.

दोन-तीन दिवसांत चांगल्या अंड्यातला काळा-राखाडी गोळा लांबट होऊ लागतो, पुढे इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो. जे अंडं पांढुरकं, ढगाळ होतं ते गेलं. त्यावर बुरशीचा कापूस आला तरी शेजारचं निरोगी अंडं बऱ्याचदा वाचतं, पण मेलेलं अंडं स्वच्छ ब्लेडने जेलीसकट वेगळं करणं बरं. दोन आठवड्यांच्या आसपास जेली ढिली पडते आणि पिल्लू आत वळवळताना दिसतं. बोटाने किंवा सुईने जेली फोडून ‘मदत’ करू नका. बाहेर आल्यावरही एक-दोन दिवस डिशमध्येच राहू द्या, मग ड्रॉपरने कपात हलवा. ड्रॉपरचं टोक कापून रुंद केलेलं असावं, नाहीतर शेपटी चेमटते.

सगळ्यांना एकाच टाकीत सोडणं

रानात नर पिल्लांना पाठीवर घेतो आणि झाडाच्या ढोलीतल्या किंवा पानांच्या बेचक्यातल्या चिमूटभर पाण्यात नेऊन सोडतो. अशा जागी दुसरा बेडूकमासा म्हणजे अन्नाचा वाटेकरी, किंवा थेट अन्नच. टिंक्टोरियसचे तर एकमेकांना सर्रास खातात. म्हणून एका कपात एकच. 300 ते 500 मिलीचा पारदर्शक प्लॅस्टिक कप आणि छिद्रं पाडलेलं झाकण एवढं पुरतं. कपावर जात आणि अंड्यातून बाहेर आल्याची तारीख लिहून ठेवा. दहा कप झाले की कोणाचं काय वय, हे डोक्यात राहत नाही. फिलोबेट्स किंवा एपिपेडोबेट्स या डार्ट बेडकांच्याच दुसऱ्या गटांतले एकत्र वाढतात, पण त्यांनाही ऐसपैस टाकी लागते.

पाणी: ‘स्वच्छ’ म्हणजे योग्य नव्हे

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे खरं. पण अमेरिकेत बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) घालतात आणि ते असं उडत नाही. तिथे मत्स्यालयाचं डीक्लोरिनेटर वापरावंच लागतं. गरम पाण्याचा नळ तर कधीच नको, कारण तांब्याच्या पाइपातून उतरलेलं तांबं बेडूकमाशांना विषासारखं आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे निव्वळ आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. त्यात क्षार जवळपास नसतात आणि वाढत्या हाडांना ते लागतात. निम्मं आरओ आणि निम्मं क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी, हा सोपा तोडगा.

पाण्यात देशी बदामाचं पान टाकायची पद्धत सगळीकडे आहे. परदेशात ‘कॅटाप्पा’ म्हणून पाकिटात पैसे मोजून मिळणारं पान म्हणजे आपल्या कोकणात आणि मुंबईच्या फुटपाथवर पडणारंच पान. हिरवं तोडू नका, गळून तपकिरी झालेलं घ्या. रहदारीच्या रस्त्यालगतचं आणि फवारणीच्या जागेतलं टाळा. धुऊन एका पानाला लिटरभर पाणी घेऊन दहा मिनिटं उकळा, थंड करा आणि कपातलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईल एवढंच मिसळा. त्यातलं टॅनिन बुरशी-जिवाणूंना थोडंफार रोखतं. क्षारांची उणीव मात्र त्याने भरून निघत नाही.

पाणी आठवड्यातून एकदा, साधारण अर्धं बदला. नवं पाणी आदल्या दिवशीच त्याच खोलीत भरून ठेवलेलं असावं, म्हणजे तापमानात धक्का बसत नाही. जावा मॉसचा (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळीचा) एक झुबका कपात असला तर उत्तम.

खाणं

पहिले दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं. नंतर स्पिरुलिना (शेवाळाची हिरवी पूड) आणि चुरलेलं मत्स्य-फ्लेक्स मिसळून, मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी पूड आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी तळाशी शिल्लक दिसली तर पुढची पाळी चुकवा. उरलेलं कुजतं, अमोनिया वाढतो, आणि मग पोट फुगलेला, उलटा तरंगणारा बेडूकमासा दिसतो. असं दिसताच पाणी लगेच बदला, खाणं दोन-तीन दिवस बंद. लवकर लक्षात आलं तर काही सावरतात.

तापमान

21 ते 24 अंश सेल्सिअस ही मजेत राहण्याची पट्टी. 27च्या वर गेलं की वाढ झपाट्याने होते, पण पिल्लं बारकी निघतात आणि दगावण्याचं प्रमाण वाढतं. थंडीच्या देशात कप हीटरच्या वर ठेवणं आणि कुठेही खिडकीतल्या थेट उन्हात ठेवणं, दोन्ही सारखंच घातक. एवढंसं पाणी तासाभरात तापतं.

पुढचे पाय येतच नाहीत

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. दोन-अडीच महिने व्यवस्थित वाढलेलं पिल्लू, मागचे पाय दणकट, आणि पुढचे काडीसारखे किंवा कातडीखालीच अडकलेले. याला स्पिंडली लेग म्हणतात. कारण एकच सांगता येत नाही: आईबापांचं पोषण, जवळच्या नात्यातलं प्रजनन, कोवळ्या वयाची जोडी, पाणी, तापमान, सगळ्यांकडे बोट दाखवलं जातं. आमच्या मते आधी तपासायचा तो आईबापांना खाऊ घालायच्या फळमाश्यांवर भुरभुरायच्या पावडरचा डबा. फळमाश्यांना प्रत्येक वेळी जीवनसत्त्व डी3युक्त कॅल्शियम लावा, उघडलेला डबा सहा महिन्यांनी टाकून द्या, आणि महिन्यातून एक-दोनदा रेटिनॉल स्वरूपातलं जीवनसत्त्व अ द्या. फक्त बीटा-कॅरोटीनवर (वनस्पतींतल्या, जीवनसत्त्व अ-च्या कच्च्या रूपावर) विसंबू नका. आणि रेटिनॉल जास्त झालं तरी अपाय होतो.

एका खेपेत एखादंच असं निघालं तर घाबरू नका. खेपेमागून खेप तशीच आली, तर जोडीला काही महिने प्रजननापासून विश्रांती द्या. झालेल्या पिल्लावर इलाज नाही. त्याला थेट फ्रीजरमध्ये टाकणं क्रूरपणाचं आहे. पशुवैद्याकडून भुलीच्या औषधाने शेवट करून घ्या.

शेवटच्या आठवड्यात बुडणं

पुढचे पाय फुटायच्या आधी कातडीखाली कोपरांचे दोन उंचवटे दिसतात. हे दिसले की त्याच दिवशी कप तिरका करा, पाणी एक सेंटिमीटरवर आणा, कोरड्या बाजूला ओलं मॉस ठेवा आणि झाकण घट्ट लावा. पाय फुटल्यावर कल्ल्यांचं काम फुप्फुसं घेतात. चढायला जागा नसेल तर बेडूक अक्षरशः बुडून मरतो. या चार-सात दिवसांत तो काही खात नाही, शेपटीवरच जगतो. पूड टाकून पाणी नासवू नका.

कपातलं पाणी बागेत ओतणं

बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पाण्यातून पसरते. टाकाऊ पाण्यात लिटरमागे 50 मिली घरगुती ब्लीच घालून तासभर ठेवा, मग गटारात. ड्रॉपर प्रत्येक जातीला वेगळा. पिल्लं जास्त झाली म्हणून बाहेर सोडणं तर कुठेच नको. भारतात राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: हे बेडूक साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2मध्ये आहेत, आणि 2024च्या नियमांनुसार बाळगलेल्या प्राण्यांची व झालेल्या पिल्लांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते.

पिल्लू तयार, खाऊ नाही

शेपटीचा ठिपका उरला की पिल्लाला भूक लागते, आणि त्याच्या तोंडात बऱ्याचदा फळमाशीही मावत नाही. त्याला स्प्रिंगटेल, म्हणजे ओल्या मातीतले इवलेसे कीटकासारखे जीव, लागतात. ओल्या कोळशावर यीस्ट भुरभुरून केलेलं त्यांचं कल्चर भरभरून यायला महिना-दीड महिना जातो. म्हणजे पिल्लू कपात पोहत असतानाच ते लावायला हवं, आणि एक नासलं तरी अडायला नको म्हणून दोन डबे लावावेत.