पालकत्वाचा फोन आला, तर आधी काय विचारायचं?

विधी स्वयंसेवकांसाठी, खास करून सातारा-सांगलीचे फोन घेणाऱ्यांसाठी. पालकत्व म्हणजे इथे मोठ्या माणसाच्या वतीनं निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार.

फोनवरचं पहिलं वाक्य साधारण असं असतं: ‘वडलांचं पालकत्व काढायचंय, काय कागद लागतील?’ कागदांची यादी लगेच सांगू नका. आधी विचारा, अडलंय काय? आणि पालकत्व आणा असं सांगितलं कुणी? उसाचं बिल वडलांच्या खात्यावर आलंय आणि अर्धांगवायूमुळे सही होत नाही, हा एक प्रश्न. बौद्धिक दिव्यांग भावाचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि वाटणी करायची आहे, हा दुसरा. दोघांची वाट एक नाही.

मग म्हणा, ‘फोन जरा त्यांच्याकडे देता का?’ अर्धांगवायूत पुष्कळदा वाचा जाते, समज जात नाही. हो-नाही मान हलवून सांगता येत असेल तर घरच्यांना स्पीकर लावायला सांगा, छोटे प्रश्न विचारा आणि एकच प्रश्न उलटा करूनही विचारा. दोन्ही वेळा ‘हो’ आलं तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १३ कायद्यापुढे सगळ्यांना समान धरतं. घरचे म्हणतात म्हणून कुणाचा निर्णयाचा हक्क जात नाही.

समज शाबूत असेल तर बँकेचं काम पालकत्वाशिवाय होतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही उमटत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच. पैसे कोण नेणार हे खातेदारानं सांगायचं असतं. शाखेत हे तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याचदा नियम आठवतो. मात्र बेशुद्ध माणसाचा अंगठा उमटवून आणणं हा मार्ग नव्हे, तो गुन्हा आहे. हे फोनवर स्पष्ट सांगा, कारण घराघरात तेच सुचतं.

दुसरी पक्की समजूत मुखत्यारपत्राची. ‘आजारी पडायच्या आधी करून ठेवलंय, आता चालेल ना?’ नाही. करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते, मग ती नोंदणीकृत असली तरी. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवली त्याच दिवशी ती निकामी होते. समज असेपर्यंत उपयोग आहे, तेवढाच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दस्त नोंदवायला दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. नॉमिनीचंही सांगून टाका: तो खातेदार गेल्यानंतरचा, जिवंतपणी त्याला खात्यातून काही काढता येत नाही.

खरोखर पालकत्व लागणार असेल तर अट पाहा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता, आणि वय १८ पूर्ण, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, त्या व्यक्तीचे आणि अर्जदाराचे ओळखीचे कागद आधी गोळा करा. प्रमाणपत्रावर निदान काय लिहिलंय ते वाचून घ्या. त्यात नुसता मानसिक आजार असेल तर समितीकडे फेरा वाया जातो. समितीनंही पालक लागतोच का आणि कशासाठी, हे पाहायचं असतं. म्हणून अर्जात ‘सर्व कामांसाठी’ असं ढोबळ न लिहिता नेमकं काम लिहा. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांसाठी, म्हणजे १८ वर्षांखालच्यांसाठी आहे. मोठ्या माणसासाठी तो दावा दाखल केलेला असेल तर वकिलांना पुन्हा भेटायला सांगा.

इतर दिव्यांगत्वात २०१६ च्या कायद्याचं कलम १४ आहे: मर्यादित पालकत्व, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे आणि तिच्यासोबत मिळून. त्यासाठी जिल्हा न्यायालय. मानसिक आजारात उपचारांचा प्रश्न असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. जमीन आणि खातं त्याच्या हातात येत नाही.

कोमा, किंवा खूप पुढे गेलेला स्मृतिभ्रंश, यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि सगळ्या वारसांची संमती तयार ठेवा. एखादी बहीण सही देत नसेल तर लपवू नका, तिला पक्षकार करा.

वाटणीच्या फोनवर सावध राहा. दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २८ तेच सांगतं. तरी ‘त्याला काय कळतंय’ म्हणत हक्कसोडपत्रावर भावाचा अंगठा घ्यायची घाई असते. असा दस्त करायला मदत करू नका. जमीन विकायची असेल तर पालकत्वाचा दाखला पुरेल असं धरू नका, न्यायालयाची परवानगी घ्यायला सांगा.

खर्चाचं विचारलं तर: दिव्यांग व्यक्ती आणि महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० वर. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

दाखला मिळाला म्हणून फाईल बंद करू नका. राष्ट्रीय न्यासाच्या पालकानं नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. पुढच्या जूनमध्ये फोन करायची नोंद वहीत आजच करून ठेवा.