कोस मेझांवर ग्रॅव्हल राइड करताय? आधी पाण्याचं बघा

फ्रान्समधल्या लोझेर भागात ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर चालवायची सायकल, घेऊन जाणार असाल तर एकच कळकळीचं सांगणं, कोस मेझां या पठारावर चढायच्या आधी खाली पायथ्याच्या फ्लोराक गावातच सगळ्या बाटल्या गच्च भरून घ्या, निदान 3 लिटर तरी, कारण वरचं पठार साधारण 1000 मीटरवर आहे आणि सगळा चुनखडीचा दगड, पाऊस पडला की पाणी थेट खाली मुरतं, वर ना ओढा ना झरा. झाडंही तुरळक, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ऊन अक्षरशः भाजून काढतं, तेव्हा सकाळी लवकर निघालेलंच बरं.

वाटेत मधेच दगडांनी बांधलेली गोल उथळ तळी दिसतील, त्यांना तिकडे लावोन्य म्हणतात, ती मेंढरांसाठी आहेत, कितीही तहान लागली तरी ते पाणी पिऊ नका. त्यापेक्षा गावातल्या स्मशानभूमीत बघा, फ्रान्समध्ये तिथे बऱ्याचदा नळ असतो, फक्त ‘नों पोताब्ल’ असा बोर्ड असेल तर ते पिण्याचं नाही. आणि गावात दुकान मिळेल या भरवशावर राहू नका हां, असलं तरी दुपारी 12 नंतर दोन-तीन तास बंदच असतं.

टायर 40-45 मिमीचे ट्यूबलेस लावा, तिथली पांढरी खडी धारदार असते. कुंपणाचं फाटक उघडलंत तर आठवणीने परत लावा, आत मेंढरं चरत असतात. कळपाबरोबर राखणीचा मोठा पांढरा कुत्रा दिसला तर सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची आणि लांबून हळू चालत जायचं, पळवायची अजिबात नाही.